आडनावातली पाखरं



या खेपेचा विषय जरा उडता आहे. पाखरांचा. पण ही पाखरं झाडावरची नव्हेत, माणसांच्या आडनावात घर करून बसलेली. इथे अमेरिकेत सिनेगॉगमध्ये आपण ज्यांच्या शेजारी बसतो, ज्यांच्याबरोबर किद्दुशला हेरिंग खातो (आणि मनातल्या मनात पापलेटाची आठवण काढतो), त्यांची नावं जरा मनाशी घोळवून पाहा. अॅडलर, फाल्क, फिंक, हान, फोगेल, स्ट्राउस, स्पर्लिंग, टाउब. इतकी वर्षं ऐकतो आहोत, पण त्यांचा अर्थ विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही.

सुचलं ते एका आजींमुळे. त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाला हिब्रू शाळेत एका सोबत्याने विचारलं, "तुझं आडनाव ‘कर’ने संपतं. हे ज्यू नाव आहे?" मुलगा घरी आला तो गप्प गप्पच. आजींनी फोन करून आम्हाला विचारलं की त्याला काय सांगू. आम्ही विचारलं, त्या सोबत्याचं आडनाव काय? त्या म्हणाल्या, "स्पर्लिंग." आता स्पर्लिंग म्हणजे जर्मन भाषेत चिमणी! अस्सल जर्मन शब्द आहे तो. तोरात नाही, तलमूदात नाही. बर्लिनच्या अंगणात दाणे टिपणारी साधी चिमणी.

मुलांनो, आता ही यादी लावून घेऊ. अॅडलर म्हणजे गरुड. फाल्क म्हणजे ससाणा. टी.व्ही.वर चुरगळलेला रेनकोट घालून खुनी पकडणारा कोलंबो तुमच्या आजोबांना आठवत असेल. तो नट पीटर फाल्क आपल्याच धर्माचा, न्यूयॉर्कचा. हान म्हणजे कोंबडा. गान्स म्हणजे पाळीव हंस. फिंक म्हणजे चिमणीएवढं एक गाणारं पाखरू. टाउब किंवा टाउबे म्हणजे कबूतर. स्ट्राउस म्हणजे शहामृग. नाख्तिगाल म्हणजे रात्री गाणारा युरोपातला पक्षी. आपल्याकडे त्याला बुलबुल म्हणून टाकतात, पण तो बुलबुल नव्हे. वाख्टेल म्हणजे लावा. आणि फोगेल म्हणजे नुसतंच ‘पक्षी’. कुठला, ते सांगितलेलंच नाही.

लावा म्हटल्यावर वडीलधाऱ्यांना रानातली गोष्ट आठवली असेल. मिसरातून निघालेल्या आपल्या पूर्वजांनी मांसासाठी कुरकुर केली तेव्हा संध्याकाळी लाव्यांचे थवे येऊन छावणीभर उतरले. ते हेच पाखरू. पण वाख्टेल आडनावाच्या माणसाला ते नाव या गोष्टीवरून मिळालं की त्याच्या पणजोबांच्या गल्लीत कोणी लावे विकत होतं म्हणून, हे नावावरून कळत नाही.

मग ही नावं आली कुठून?

पहिली गोष्ट म्हणजे, जर्मनी-पोलंडकडच्या बहुतेक ज्यू लोकांना अडीचशे वर्षांपूर्वी कायमचं आडनाव नव्हतंच. यित्झाक बेन याकोव, म्हणजे याकोबचा मुलगा इसहाक, एवढं पुरे. पुढच्या पिढीत ‘बेन यित्झाक’. तोरा वाचायला बोलावलं की आजही आपल्याला असंच हाक मारतात ना? पण सरकारला असं चालेना. कर वसूल करायचा, सैन्यभरती करायची, तर दर पिढीत बदलणारं नाव वहीत कसं लिहायचं? म्हणून ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने २३ जुलै १७८७ रोजी फर्मान काढलं की १ जानेवारी १७८८ पासून प्रत्येक ज्यू कुटुंबाने एक कायमचं जर्मन आडनाव घेतलंच पाहिजे. रशियात १८०४ च्या कायद्याने तेच झालं, नेपोलियनच्या राज्यात १८०८ साली, प्रशियात १८१२ साली. म्हणजे आपल्या शेजाऱ्यांची बरीचशी ‘जुनी ज्यू नावं’ ही सरकारी हुकमाची लेकरं आहेत, आणि त्यांचं वय सव्वादोनशे वर्षांच्या आसपास आहे.

घाईने नावं घ्यायची म्हटल्यावर लोक काय करणार? कोणी धंद्यावरून घेतलं, कोणी गावावरून, कोणी बापाच्या नावावरून. आणि हजारो लोकांनी नुसती कानाला बरी लागणारी घेतली: फूल, डोंगर, सोनं, पाखरू. त्यात अर्थ शोधायला जाऊ नये. एखाद्या घराण्याचं नाव फिंक असलं म्हणून त्यांचे पूर्वज चांगलं गात होते असं नाही. गातही असतील म्हणा!

एक गोष्ट नेहमी सांगतात की अधिकाऱ्यांना पैसे चारले तर ‘रोझेन’ म्हणजे गुलाबाचं सुंदर नाव मिळायचं आणि पैसे नसले तर घाणेरडं. गोष्ट खमंग आहे. पण या विषयावर आयुष्य घालवलेले, रशियन साम्राज्यातल्या आणि गॅलिशियातल्या ज्यू आडनावांचे जाडजूड कोश तयार करणारे अलेक्झांडर बायडर यांना ती पटत नाही. लाच चालली नसेल असं कोण म्हणेल, पण त्याने लाखो नावांचा उलगडा होत नाही.

फ्रँकफर्टची हकिगत मात्र खरी आणि मजेची आहे. तिथे १४६२ पासून ज्यू लोकांना एकाच गल्लीत कोंडलं होतं. युडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली. अरुंद, दोन्ही बाजूंना दाटीवाटीने घरं, आणि घरांना नंबर नाहीत. मग घर ओळखायचं कसं? प्रत्येक घराला नाव आणि दारावर खूण. लाल ढाल, काळी ढाल, जहाज, गरुड, कोंबडा, शहामृग. घरात राहणाऱ्यांना लोक त्या खुणेवरून हाक मारत. मुंबईच्या चाळीत ‘पिंपळाखालच्या मावशी’ असायच्या ना, तसंच. लाल ढाल म्हणजे ‘रोथ शिल्ड’. जगातले मोठे सावकार रॉथशिल्ड ते हेच. गंमत अशी की पुढे हे कुटुंब हिरव्या ढालीच्या घरात राहायला गेलं, पण नाव लालच राहिलं. घर सुटलं, नाव सुटलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपल्या कोकणात गेल्यावर ते पुन्हा लागेल.

त्याच गल्लीतल्या अॅडलर घराण्यातले नेथन मार्कस अॅडलर १८४५ साली साऱ्या ब्रिटिश साम्राज्याचे मुख्य रब्बी झाले आणि १८९० पर्यंत होते. त्यांच्यामागून मुलगा हर्मन अॅडलर १८९१ ते १९११. हिंदुस्थान तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातच. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्यावर, कागदोपत्री का होईना, दोन गरुडांची सावली होती.

प्रागच्या जुन्या कब्रस्तानात डेव्हिड गान्स यांची कबर आहे. हे १५४१ ते १६१३ या काळातले खगोलशास्त्रज्ञ आणि इतिहासकार, ‘त्झेमाख डेव्हिड’ या ग्रंथाचे कर्ते. त्यांच्या दगडावर मागेन दाविद कोरला आहे आणि जोडीला हंस. त्या कब्रस्तानात हान लोकांच्या दगडांवर कोंबडाही दिसतो. मेलेल्या माणसाच्या डोक्याशी कोंबडा काढायचा हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावं की इथे कोण निजलं आहे, एवढा त्याचा साधा उपयोग.

प्रागचाच लेखक फ्रान्झ काफ्का. हे नाव जर्मन नाही, चेक आहे, तरी इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘काव्का’ म्हणजे कावळ्याच्या जातीचा एक लहान पक्षी. काफ्काच्या वडिलांचं दुकान होतं आणि त्यांच्या दुकानाच्या कागदावर हाच पक्षी छापलेला असे. काव्का म्हणा आणि कावळा म्हणा! पाखरू प्रागचं असो की पेणचं, ओरडतं ‘काव’च, आणि माणसं त्याला त्याच्या ओरडण्यावरून नाव देतात.

आता धर्मग्रंथांकडे येऊ. जनावरांच्या नावांना ज्यू लोकांत मोठा आधार आहे तो याकोबाच्या आशीर्वादाचा. यहूदा सिंह, नफ्ताली हरिणी, बेन्यामीन लांडगा. म्हणून लोवे, हिर्श, वोल्फ ही नावं. पण त्या आशीर्वादात एकही पाखरू नाही! पाखरांना दुसरीकडून वाट मिळाली. योना हे हिब्रू नाव म्हणजे कबूतर. तेच योना, ज्यांना माशाने गिळलं आणि ज्यांचं पुस्तक आपण किप्पुरच्या दुपारी वाचतो. जर्मनीतला योना बाहेरच्या जगात टाउबे होऊ शकतो. आणि मोशे रब्बेनूंची बायको सिपोरा. तिच्या नावाचा अर्थच ‘पाखरू’. युरोपातल्या ज्यू बायकांनी आपल्या यिद्दिश बोलीत तिचं भाषांतर केलं: फेगेल किंवा फेगा. आईचं नाव फेगेल, म्हणून मुलांचं आडनाव फेगेलसन, असंही झालं. आईवरून आडनाव! आपल्यात सिपोरा हे नाव आहे, पण आपण तिचं कधी ‘चिमणाबाई’ केलं नाही.

गरुडाचं एक कोडं मुलांसाठी. तोरात म्हटलं आहे की देवाने आपल्याला गरुडाच्या पंखांवर वाहून आणलं. तिथला हिब्रू शब्द ‘नेशेर’. येमेनचे ज्यू १९४९-५० साली विमानांनी इस्रायलला आणले तेव्हा त्या मोहिमेला यावरूनच नाव दिलं होतं. पण आजच्या हिब्रूत पक्ष्यांचे जाणकार नेशेर म्हणतात ते गिधाडाला! आणि मीखा संदेष्टा नेशेरच्या टकलाबद्दल बोलतो. आता टक्कल कोणाला असतं, गरुडाला की गिधाडाला, ते ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन स्वतःच पाहा. इस्रायलला गेलेल्या काही अॅडलरांनी आपलं आडनाव हिब्रूत ‘नेशेर’ करून घेतलं आहे. त्यांना हे सांगायला जाऊ नका.

इथे एक धोक्याची सूचना. फोगेल, हान, फाल्क, स्ट्राउस ही नावं धारण करणारे बहुतेक लोक ज्यू नाहीत. जर्मन, डच, स्वीडिश ख्रिस्ती लोकांतही ती भरपूर आहेत. स्वीडनच्या पलटणीत एकेका तुकडीत इतके अँडर्सन जमायचे की ओळखायला म्हणून शिपायाला एक लहानसं नाव देत. त्यातही फाल्क होता. इंग्लिश ही त्याच भाषांची बहीण, तिच्यात क्रेन, स्वॉन, फिंच, नाइटिंगेल आहेतच. आणि सगळी पाखरं खरी पाखरंही नसतात. हान हे योहान नावाचं तुकडा पडलेलं रूपही असतं. टाउब म्हणजे बहिराही होतो. स्ट्राउस म्हणजे फुलांचा गुच्छही. फिंकेलस्टाइन तर फिंकचा कोणी लागत नाही, तो चमकणारा दगड आहे. आपल्याकडे मोरे आडनाव मोरावरून की मौर्यांवरून यावर लोक अजून भांडतात, तसंच हे.

स्ट्राउसांवर थोडं रेंगाळू, कारण ते अमेरिकेत आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहेत. बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावात १८२९ साली जन्मलेला लोएब स्ट्राउस इथे येऊन लिवाय स्ट्राउस झाला. रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस आणि तो, दोघांनी मिळून २० मे १८७३ रोजी खिशांना तांब्याच्या खिळ्या मारलेल्या पाटलोणीचं पेटंट घेतलं. मुलांनो, तुमच्या जीन्सच्या मागे शहामृग आहे, बरं का! दुसरे स्ट्राउस बंधू मेसीज दुकानाचे. थोरले इसिडोर आणि त्यांची पत्नी आयडा १९१२ साली टायटॅनिकवर गेले. बायकांना होडीत जागा होती, पण आयडाबाई नवऱ्याला सोडून उतरल्या नाहीत. मधले नेथन, ज्यांच्या नावावरून १९२९ साली वसवलेल्या नेतान्या शहराचं नाव पडलं. धाकटे ऑस्कर १९०६ साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले पहिले ज्यू मंत्री झाले.

आणि व्हिएन्नाचे वॉल्ट्झवाले योहान स्ट्राउस? ते ख्रिस्ती होते. पण धाकट्या योहानचे पणजोबा जन्माने ज्यू, पुढे बाप्तिस्मा घेतलेले. नाझींना हे कळलं तेव्हा त्यांची पंचाईत झाली, कारण त्यांना हे संगीत सोडवत नव्हतं. म्हणून त्यांनी चर्चच्या नोंदवहीत फेरफार करून घेतला.

नाझींची आणखी एक गोष्ट मोठ्यांनी मुलांना बेताबेताने सांगावी. आडनावावरून ज्यू ओळखता येत नाही, ही त्यांची मोठी अडचण होती. फोगेल ज्यूही आणि ख्रिस्तीही, मग ओळखणार कसं? म्हणून ऑगस्ट १९३८ मध्ये त्यांनी हुकूम काढला की ज्यांचं पहिलं नाव सरकारी यादीतलं ‘ज्यू’ नाव नाही, अशा प्रत्येक ज्यू पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला ‘इस्राएल’ जोडायचं, प्रत्येक बाईने ‘सारा’. अपमान म्हणून! ज्या नावाने आपण स्वतःला पिढ्यानपिढ्या मिरवलं, बेने इस्राएल म्हणून, ते नाव डाग म्हणून दुसऱ्याच्या कागदावर ठोकलं गेलं.

आता चला कोकणात.

आपली आडनावं कोणा सम्राटाच्या फर्मानाने आलेली नाहीत. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नागावचे नागावकर, झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. असे शंभराहून अधिक ‘कर’ आपल्यात आहेत. तेलाचा घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून शेजारी ‘शनवार तेली’ म्हणायचे. आणि माणूस पेणहून मुंबईला आला की त्याला विचारायचे, कुठले तुम्ही? पेणचे. झाले पेणकर. फ्रँकफर्टच्या गल्लीत दारावरच्या खुणेने जे केलं, ते आपल्याकडे गावाने केलं. फरक इतकाच की त्यांना एका गल्लीत कोंडलं होतं आणि आपण कुलाबा जिल्हाभर पसरलो होतो.

आमच्या पाहण्यात तरी आपल्यात पाखराचं आडनाव नाही. शेजारच्या मराठी मंडळींत मात्र आहेत: गरुड, कावळे, बगळे, चिमणे. बालगंधर्वांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजे अॅडलर आणि आपले गरुड हे अर्थाने सख्खे भाऊच. एक फ्रँकफर्टचा, एक महाराष्ट्राचा, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

तरी पाखरू आपल्याला अगदीच सुटलेलं नाही. किहीम घ्या. आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवणारे हाईम सॅम्युएल किहीमकर या गावचे. त्यांचं पुस्तक ते गेल्यावर १९३७ साली तेल अवीवला छापलं गेलं. त्याच किहीमला १९३० साली, हातात नोकरी नसताना, पक्षितज्ज्ञ सालिम अली येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांनी पाहिलं की घरटं विणतो तो नर. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडलं तर राहते. एक मादी अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. आणि आपण मराठीत त्या पक्ष्याला म्हणतो सुगरण! कष्ट कोणाचे, नाव कोणाचं. तेव्हा कोणी किहीमकर असेल त्याने बेलाशक सांगावं की आमच्या नावात पाखराचं गाव आहे.

आमच्या मनाला लागतं ते वेगळंच. आपण ‘कर’ टाकत चाललो आहोत.

याची सुरुवात जुनी आहे. कंपनी सरकारच्या पलटणीत आपले लोक सुभेदार, कमांडंट झाले. इंग्रजाला माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढं पुरे होई. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, १७९६ साली बांधलं ते समाजी हसाजी दिवेकर यांनी. टिपूच्या कैदेतून सुटले, म्हणून नवस फेडला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचं नाव पुस्तकांत दोन तऱ्हेने सापडेल: समाजी हसाजी आणि सॅम्युएल इझिकिएल. माणूस एकच. सॅम्युएलचा समाजी झाला होता, अब्राहामचा अबाजी, दावीदचा दाऊदजी. मग इंग्रजी शाळा आल्या आणि समाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला. नाव परत मिळालं, पण त्या भरात गाव मागे पडलं. बापाचं पहिलं नाव हेच आडनाव बनलं.

मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉक्टर ई. मोझेस रोड सगळ्यांना ठाऊक. हे आपले डॉक्टर एलाया मोझेस राजपूरकर, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. रस्त्याच्या पाटीवर मोझेस उरला, राजपूरकर गेला. ‘बूट पॉलिश’ सिनेमातले जॉन चाचा आठवतात? १९५४ सालचा. ते डेव्हिड. पडद्यावर नुसते ‘डेव्हिड’. घरचं नाव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. लाखो लोकांनी त्यांना पाहिलं, पण त्यांच्या नावात चेऊल आहे हे कितीजणांना कळलं?

मग आपण इथे आलो. इथल्या फॉर्मवर दोन चौकोन, पहिलं नाव आणि शेवटचं. पासपोर्टवर जे होतं ते चिकटलं. एका भावाचं आडनाव सॅम्युएल, दुसऱ्याचं वेगळं, तिसऱ्याने ‘कर’ लावलेलं. सख्खे भाऊ, पण नातवंडांना पटत नाही. काहींनी तर ‘कर’ मुद्दाम काढला. इथल्या लोकांच्या जिभेला वळत नाही म्हणून, किंवा ‘सॅम्युएल’ म्हटलं की कोणी पुढचे प्रश्न विचारत नाही म्हणून. हा दुसरा विचार आम्हाला समजतो. १९६२ साली इस्रायलमध्ये रब्बिनेटने आपल्या लोकांची लग्नाच्या वेळी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता, आणि आंदोलन करून १९६४ साली तो प्रश्न सोडवावा लागला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या मनात ‘हे ज्यू नाव आहे का?’ हा प्रश्न आजही काट्यासारखा सलतो. शाळकरी पोराने निर्मळ मनाने विचारला तरी.

म्हणून एवढी पाखरं उडवली. स्पर्लिंग हे ज्यू नाव झालं, कारण ज्यू माणसांनी ते दोनशे वर्षं आपल्या मुलांना दिलं, आपल्या कबरींवर कोरलं. त्या शब्दात दुसरी कसलीही ज्यू गोष्ट नाही. आपल्या ‘कर’चंही अगदी तसंच. नवगावच्या आणि अलिबागच्या जुन्या कब्रस्तानांत आपल्या माणसांच्या दगडांवर हिब्रूच्या खाली मराठीत तीच नावं आहेत. मुलाने घाबरायचं कारण नाही, आणि स्पर्लिंगच्या पोराला चिडवायचंही नाही. दोघांनी मिळून गुगलवर पेणही शोधावं आणि चिमणीही.

जाता जाता एक गैरसमज. इथे पुष्कळजण म्हणतात की एलिस आयलंडवर कारकुनाने आमचं नाव बदललं. ते बंदर १८९२ ते १९५४ चालू होतं, आणि तिथला कारकून जहाजाच्या यादीवरच्या नावाशी ताडून पाहायचा, नवं नाव द्यायचा नाही. नावं लोकांनीच नंतर बदलली, पुष्कळांनी कोर्टात अर्ज करून, पोरांना नोकरी मिळावी, कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून. त्या काळी न्यूयॉर्कच्या कोर्टात असे अर्ज करणाऱ्यांत ज्यू लोक फार होते. म्हणजे नाव टाकण्याचा मोह फक्त आपल्यालाच झाला असं नाही. पाखरांनाही झाला.

आता आमचं मागणं. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून आपलं ‘कर’ आणि गाव एका कागदावर लिहून पाठवा. आडनाव आता इझिकिएल, मोझेस, काही का असेना, आजोबांच्या आजोबांचं गाव कोणतं ते हवं आहे. गाव नकाशात सापडत नसेल तर जवळची नदी, खाडी किंवा देऊळ सांगा, आम्ही शोधतो. आईच्या माहेरचं ‘कर’ही लिहा. फेगेलसनांनी आईचं नाव राखलं, तर आपण का नाही? मुलांनी त्या कागदावर आपल्या गावच्या एखाद्या पाखराचं चित्र काढलं तर ते छापू. हनुक्काच्या अंकासाठी कागद आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत यावेत, आणि कृपा करून मराठी नावं मराठीतच लिहा. इंग्रजीत ‘तळकर’ आणि ‘टाळकर’ आम्हाला ओळखू येत नाहीत.